न खोडलेलं नाव

ज्या माणसाने तुम्हाला सरकारला जाब विचारायला शिकवलं, त्याच माणसाला जाब विचारायची वेळ आली तर तुम्ही काय कराल? फुलं वाहाल आणि गप्प घरी जाल?

मंगळवारी आपल्या गावात, सांडोरात, इनास मास्तरांना माती दिली. फुलं मीही वाहिली. तिघांनी भाषणं केली आणि तिघांनीही तेच सांगितलं, की आयुष्यभर पत्रकं काढून मंत्रालयाला घाम फोडणारा माणूस गेला. खरं आहे ते. पण अर्धं आहे, आणि अर्धं खरं छापायचं नाही हे मला मास्तरांनीच शिकवलं. म्हणून हे पत्रक. ते त्यांना उद्देशून आहे. तुम्ही बाजूला उभं राहून ऐका. शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे.

इनासकाका,

तुमच्या ओटीवर मी शेवटची बसले त्याला आज सोळा दिवस झाले. तुम्ही आरामखुर्चीत होता, पायांवर गोधडी होती. मी नव्या पत्रकाचं प्रूफ आणलं होतं. तुम्ही ते हातातही घेतलं नाही.

"ते ठेव बाजूला," म्हणालात. "गठ्ठ्याचं सांगायचंय तुला."

"कुठल्या गठ्ठ्याचं?"

"हरकतींच्या. मी तो कार्यालयात दिलाच नव्हता गं. बंगल्यावर जाऊन साहेबांच्या हातात दिला. मला वाटलं..."

तुम्हाला काय वाटलं ते मी ऐकलं नाही. उठले, चपला घातल्या आणि निघाले. मागून तुम्ही दोनदा हाक मारलीत. दुसरी हाक खोकल्यात अडकली. तरी मी वळले नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण बाजूला उभे आहेत त्यांच्यासाठी पुन्हा सांगते.

राज्य सरकारने आपल्या पट्ट्याच्या विकास आराखड्याचा नवा मसुदा काढला. आपल्या वाड्या, भातशेतं आणि बावखलं, म्हणजे ज्या तळ्यांच्या आधाराने आपल्या विहिरी गोड राहतात ती, सगळी एका नकाशावर पिवळ्या रंगाने रंगवली. पिवळा म्हणजे इमारती. जाहिरात मुंबईच्या पेपरात, भिंग घेऊन वाचावी लागेल अशी. नकाशा कार्यालयाच्या जिन्याखाली, अर्धा कपाटामागे. आणि म्हणणं मांडायला, म्हणजे हरकती द्यायला, तीस दिवस. याच सरकारने विरार पूर्वेला इमारतींमागून इमारतींना परवानगी दिली आणि नळ द्यायला विसरलं. तिथल्या चंदनसारच्या बायका हंडे घेऊन टँकरमागे धावतात, आणि तो टँकर भरतो आपल्याकडच्या विहिरींवर. आता त्या विहिरींवरच इमारती येणार. मग तिथल्यांनी आणि इथल्यांनी मिळून कोणाच्या मागे धावायचं, याचं उत्तर एकाही मंत्र्याने दिलेलं नाही. मुख्यमंत्री बदलले, पक्ष बदलला. "टेबलामागचा माणूस बदलतो, टेबलावरचा नकाशा तोच राहतो," हे तुम्ही लिहिलं होतंत. ते वाक्य पाठ असलेली माणसं मंगळवारी तुमच्या पेटीला खांदा देत होती.

हरकती छापील नकोत, हा तुमचाच हट्ट. छापील फॉर्मवर हजार सह्या केल्या तरी सरकार ती एकच हरकत धरतं, असं तुमचं म्हणणं. प्रत्येक घराने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बोलीत लिहायचं. लिहिता येत नसेल त्याने सांगायचं, आपण लिहायचं, आणि शब्द बदलायचा नाही. पंचवीस दिवस आपण घराघरांत हिंडलो. लोक गंमत करायचे. "आली बघ पत्रकवाली! काय गं, आज कोनाची पूजा बांधलीस?" खालच्या आळीतल्या आजीने सांगितलं ते मी उतरवून घेतलं: "आमचं पानी गोड हाय. ते खारं करायचा हुकूम कोनी दिला, त्याला माझ्या पुढ्यात आना." मी "आना"चं "आणा" केलं, तेव्हा तुम्ही कागद माझ्या हातातून घेतलात आणि परत "आना" केलंत. "तिचं पाणी जात नाहीये, पानी जातंय," म्हणालात. मग दोघेही हसलो.

सगळे कागद तुम्ही केळीच्या सोपटाने, खोडाच्या वाळल्या सालीने, बांधलेत. शेवटच्या दिवशी सकाळी पांढरा शर्ट घालून, गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला लावून निघालात. मी येते म्हणाले तर म्हणालात, "तुझी परीक्षा आहे, अभ्यास कर. कागद द्यायला दोन माणसं कशाला?" दुपारी परतलात. "दिले?" मी विचारलं. "दिले," तुम्ही म्हणालात.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. कोणाला दिले ते मी विचारलं नाही. तुमच्याकडून मी हजार प्रश्न शिकले, आणि नेमका तो एक माझ्या तोंडी आला नाही.

पुढे चार महिन्यांनी सरकारी उत्तर आलं. "सदर गावातून विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही. सबब ग्रामस्थांची प्रस्तावास संमती आहे असे समजण्यात येते."

एकही नाही! ते वाचून माझं डोकं फिरलं. तुमच्या घरातच बसून मी एका दमात पत्रक लिहिलं. माझा संशय सरळ होता. कागद कार्यालयात दिले, कार्यालयात नाहीत, म्हणजे आवकच्या टेबलावर कोणीतरी गिळले. त्या टेबलावर कदमबाई बसायच्या. मी त्यांचं नाव लिहिलं. मथळ्यातच लिहिलं. गाव विकणाऱ्या हाताला बांगड्या असतात, असलंही काहीबाही लिहिलं. ते वाक्य आज मला पुन्हा वाचवत नाही.

आता या पत्रकाच्या प्रुफाबद्दल बोलते, काका.

माझ्या शाळेच्या वह्यांना तुमच्या चुकलेल्या पत्रकांची कव्हरं असायची. बाराखडीच्या आधी मी "निषेध" हा शब्द ओळखायला लागले. कॉलेजात गेल्यावर पहिलं पत्रक लिहून तुमच्यापुढे धरलं, ते तुम्ही लाल पेनाने असं रंगवलंत की कागद गोवर आल्यासारखा दिसत होता. "नराधम" खोडलं. "लांडगे" खोडलं. "विशेषण वापरतेस म्हणजे पुरावा नाही तुझ्याकडे," म्हणालात. आणि सगळ्यांत मोठा नियम: माणसाचं नाव लिहायचं नाही, त्याचं काम लिहायचं. खुर्चीशी भांडायचं. नाव छापलं की त्या माणसाच्या घरातल्यांशी भांडण लागतं, आणि त्यांनी काही केलेलं नसतं. या नियमावरून आपण किती वेळा भांडलो! मी म्हणायची, मंत्री नाव लावून उद्घाटनाच्या पाट्या मिरवतो, मग शिव्या खातानाच तो बिननावाचा कसा? तुम्ही म्हणायचात, "पाटी पुसली जाते. आपलं पत्रक लोक जपून ठेवतात." ते भांडण कधी संपलंच नाही. तुमच्या प्रत्येक प्रुफावर माझ्या पत्रकातलं एक तरी नाव लाल रेघेखाली मेलेलं असायचं.

कदमबाईंचं नाव असलेलं प्रूफ तुमच्याकडे गेलं, आणि दुसऱ्या दिवशी परत आलं. एकही लाल खूण नाही. एवढीसुद्धा नाही.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मी पास झाले. इतक्या वर्षांनी काकांना माझ्यात काही खोडायला सापडलं नाही. आनंदाने मी प्रेसवर धावले.

तुम्हाला माहीत होतं. ते नाव खोडलं असतंत तर मी विचारलं असतं, का? आणि मग तुम्हाला सांगावं लागलं असतं. म्हणून तुम्ही पेन खाली ठेवलंत. सरकारने आपल्याला फसवलं हे मी पचवू शकते, काका. त्याचीच तर आपल्याला सवय आहे. साहेबांनी फसवलं हेही पचवते. पण तुमचं ते कोरं प्रूफ माझ्या घशाखाली उतरत नाही.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. आपण मोर्चा नेला. आवकच्या टेबलावर कोणी केळीची सडकी पानं टाकली, कोणी कदमबाईंचं नाव घेऊन घोषणा दिल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. माझ्याच वयाची मुलगी असेल त्यांची. मला म्हणाल्या, "अगं, माझ्या टेबलावर आलंच नाही काही. हे रजिस्टर घे, पान पान बघ."

आणि मी, तुमची विद्यार्थिनी, काय म्हणाले? "रजिस्टर तुमचं, शाई तुमची. बघायचं काय त्यात?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही माझ्या डाव्या बाजूला उभे होता आणि रुमालाने चष्मा पुसत होता. खूप वेळ पुसत होता.

आठवड्याभरात त्यांची बदली झाली, पार जव्हारला. साहेबांनी सभेत सांगितलं की दोषींवर कारवाई केली, हे सरकार जनतेचं ऐकतं. आपण ते ऐकून घेतलं. मी तर त्याचंही पत्रक काढलं, विजयाचं.

आता साहेबांविषयी. तुमच्या नियमाने त्यांचं नाव लिहीत नाही, काम लिहिते. ते तुमच्या वर्गात शिकले. पाण्यासाठी मोर्चे निघत होते तेव्हा तुमच्या खांद्याला खांदा लावून चालले. तुमच्या घरी पाव आणि सुक्या बोंबलाचं कालवण जेवले. मग निवडून आले, मंत्री झाले, लाल दिव्याची गाडी आली. त्या सरकारवर तुम्ही टीका करत राहिलात, पण त्यांचा विषय निघाला की तुमचा आवाज खाली यायचा. "सरकार वाईट आहे, पण तो आपला आहे," म्हणायचात. आपल्याकडे सगळे असंच म्हणतात. कार्यालयाच्या रांगेत उभं राहणं म्हणजे परक्याकडे जाणं, आणि बंगल्यावर जाणं म्हणजे घरच्याकडे. घरच्याकडे कोणी पावती मागतं का? तुम्हीही मागितली नाहीत.

पुढचं मला मोनीकाकीने, तुमच्या बायकोने, सांगितलं, मंगळवारी, सगळे गेल्यावर. गठ्ठा घेऊन गेलात त्या दिवशी तुम्ही कार्यालयाकडेच निघाला होता. वाटेत बंगल्यापाशी साहेब गाडीतून उतरताना दिसले. त्यांनी सगळ्यांसमोर वाकून तुमच्या पायाला हात लावला. आत नेलं, चहा दिला. "सर, तुम्ही या वयात उन्हात टेबलापुढे उभे राहणार? द्या इकडे. मी स्वतः मंत्रालयात पोचवतो." तुम्ही दिलात. काकी म्हणाली, घरी आलात तेव्हा इतके खूश होता, की तिला दोनदा सांगितलंत: "बघ, विसरला नाही तो मला."

मग ते सरकारी पत्र आलं. तुम्ही बंगल्यावर तीनदा गेलात म्हणे. दोनदा साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, "कसला गठ्ठा, सर?"

"कसला गठ्ठा, सर?" हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, काका. सांडोरातल्या घराघरातला शब्द, आजीच्या त्या "आना"सकट, आणि एक मंत्री तुमच्याच तोंडावर विचारतो, कसला गठ्ठा? आणि तेही सर म्हणून!

तिथून बाहेर पडल्यावर तुम्ही गावाला सांगायला हवं होतंत. तुम्हाला लाज वाटली. कसली? फसल्याची. सरकारवर विश्वास ठेवू नका म्हणून गावाला शिकवणारा माणूस एका वाकलेल्या पाठीला फसला, हे गावाने हसून सोडलं असतं हो. तुम्ही नाही सोडलंत. तुम्ही तुमची अब्रू राखलीत आणि एका कारकून बाईची जाऊ दिलीत. ही गोष्ट सरकारने केली असती तर मी तिला काय नाव दिलं असतं, तुम्हाला ठाऊक आहे. ते नाव तुम्ही खोडलंही असतंत.

मी ओटीवरून निघून गेल्यावर तुम्ही दोनदा निरोप पाठवलात. पहिल्याला मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्याला म्हणाले, "वेळ नाही." वेळ होता. मी घरात तोंड फुगवून बसले होते. मनात ठरवलं होतं की रविवारी जाईन, आधी भरपूर भांडेन आणि मग शेवटी "जाऊ दे काका" म्हणेन. तुम्ही गेल्याची चर्चची घंटा सोमवारी वाजली; तोवर तो रविवार होऊन गेला होता आणि मी गेले नव्हते. तेवढं माझं. ते मी तुमच्यावर ढकलत नाही.

काकी मला रागावली. "एवढं लिहायला शिकवलं तुला, आणि मरत्या माणसाचं ऐकायला बसता नाय आलं?" मग तीच शांत झाली. म्हणाली, "त्यांना चर्चमधल्या मिस्सानंतर सगळ्यांपुढे सांगायचं होतं. हात कापायचा, लिहिता येत नव्हतं. म्हणाले, तिला सांग, माझ्यावरचं पत्रक तिनेच लिहावं. आणि मऊ लिहू नकोस म्हणावं."

मऊ लिहू नकोस! माझा राग तिथे फुटला आणि मी तुमच्या रिकाम्या आरामखुर्चीपाशी खाली बसून रडले. तुम्ही शेवटी सांगायचं ठरवलं होतंत. उशिरा ठरवलंत, पण ठरवलं होतंत, आणि त्यासाठी माझ्या रागावर विश्वास टाकलात. तुम्ही माझा विश्वास मोडलात आणि मला जे काही येतं ते सगळं तुमच्याकडून आलं. या दोन गोष्टी एका वाक्यात बसतात हे मला या आठवड्याआधी माहीत नव्हतं.

बुधवारी मी चंदनसारला गेले. कदमबाई तिथे राहतात; जव्हारहून रजेवर घरी आल्या होत्या. तिसरा मजला. दारात पाण्याचे कॅन ओळीने लावलेले, टँकर यायची वेळ झालेली. त्यांनी मला ओळखलं. आत या म्हणाल्या नाहीत. मी दारातच सगळं सांगितलं. तुमचं, साहेबांचं, माझं. शेवटी म्हणाले, "बाई, मला माफ करा."

"माफी कशाला कानात मागतेस?" त्या म्हणाल्या. "माझं नाव छापताना कानात छापलं होतंस का? माझ्या मुलीच्या कॉलेजात लावलं होतं तुझं पत्रक. माझं नाव होतं तेवढ्याच मोठ्या अक्षरात छाप."

म्हणून छापते, काका. या वेळी तुमचा नियम मोडून, मुद्दाम नावासकट:

कदमबाईंनी आपली एकही हरकत लपवली नाही. एकही हरकत त्यांच्या टेबलापर्यंत पोचलीच नव्हती. मी खोटं छापलं.

मी जिना उतरायला लागले तेव्हा त्यांनी वरून हाक मारली. "ए मुली! मुदत वाढवून मिळालीय ना तुमच्या पट्ट्याला? पुन्हा देणार आहात ना?" मी हो म्हणाले. "मग दोन प्रती करा प्रत्येकाच्या. एक त्यांना, एकीवर शिक्का. आवक क्रमांक, तारीख, सही. तिन्ही झाल्याशिवाय टेबलावरून हात काढायचा नाही. माझ्यासारखी कोणी बसली असेल तरी नाही." आणि टँकरचा हॉर्न वाजला तशा कॅन घेऊन माझ्याआधी खाली धावल्या.

काका, तुम्ही असता तर या पत्रकात काय खोडलं असतंत ते मला दिसतंय. "अब्रू" खोडलं असतंत, "काटा आला" नक्कीच. मी ते ठेवलंय. आता तुम्ही निवांत झोपा. तुमच्याशी भांडण माझं मी चालू ठेवीन. तुमच्या कबरीवर मेणबत्ती लावायला येईन तेव्हाही भांडेन.

आता बाजूला उभे आहात त्यांनी पुढे या.

शेजारच्या गावांनी तगादा लावला म्हणून सरकारने मुदत वाढवली आहे, ती येत्या शुक्रवारी संध्याकाळी कार्यालय बंद होताना संपते. त्यानंतर आपण सगळे पुन्हा "संमती आहे" या दोन शब्दांत गाडले जाऊ. तेव्हा आज घरी जा आणि हरकत पुन्हा लिहा. स्वतःच्या हाताने, घरात बोलता तशीच. घरातल्या म्हातारीचं वेगळं लिहा. दोन प्रती करा. मग स्वतः कार्यालयात जा, रांगेत उभे राहा, आणि शिक्का, क्रमांक, सही घेऊनच परत या. वाटेत एखादी गाडी थांबेल, कोणी वाकून नमस्कार करेल, "द्या इकडे, मी पोचवतो" म्हणेल. देऊ नका. मी मागितला तरी तुमचा कागद माझ्या हातात देऊ नका.